द्रोणागिरीच्या वाटेवरचे खेळ

पनवेलहून उरणकडे जायचं म्हटलं की गाडीतली निम्मी मंडळी आधीच कुरकुरायला लागतात. "त्या रस्त्यावर बघण्यासारखं आहे काय? नुसते ट्रेलर!" अंतर जेमतेम तीसेक किलोमीटर. पण ट्रेलरची रांग लागली की पाऊण तासाचे दोन तास कधी होतात ते कळत नाही. मग मागच्या सीटवर मोबाइल निघतात, माना खाली जातात, आणि थोड्या वेळानं कुणीतरी म्हणतं, "आई, मला मळमळतंय."

हे मळमळणं का होतं, ठाऊक आहे? आपल्या कानाच्या आत तोल सांभाळणारी एक यंत्रणा असते. गाडी हलते, वळते, थांबते हे तिला बरोबर कळतं. डोळे मात्र हातातल्या स्थिर पडद्यावर खिळलेले असतात. कान म्हणतो 'हललो', डोळे म्हणतात 'छे, कुठे?' या भांडणात बिचारं पोट बिघडतं. खिडकीबाहेर लांबवर बघितलं की बऱ्याचदा भांडण मिटतं. म्हणून आजचे सगळे खेळ खिडकीबाहेरचे. सामानात एक वही, एक पेन्सिल आणि शक्य असेल तर एक आजी! आजीचं काम पुढे येईलच.

आपल्याला जायचंय द्रोणागिरीला. द्रोणागिरी म्हणजे उरणजवळ करंजा गावाच्या डोक्यावरचा डोंगर. वर जुन्या किल्ल्याचे अवशेष आहेत आणि करंज्याला द्रोणागिरी देवीचं देऊळ. हनुमान संजीवनीचा पर्वत घेऊन उडाला तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला, अशी इथली दंतकथा. गंमत म्हणजे तिकडे उत्तराखंडातही द्रोणागिरी नावाचं गाव आहे. आमचा डोंगर उचलून नेला म्हणून तिथले लोक हनुमानावर अजून रागावलेले आहेत, असं सांगतात. इथे मात्र जवळच चक्क हनुमान कोळीवाडा आहे! आता सिडकोच्या नव्या वसाहतीलाही द्रोणागिरी म्हणतात आणि १२ जानेवारी २०२४ पासून तिथे लोकलही थांबते. पण आपण रस्त्यानंच जाऊ. लोकलमध्ये ट्रेलर कुठून दिसणार?

सुरुवात गावांच्या भेंड्यांनी करू. गाण्यांच्या भेंड्या मला स्वतःला गाडीत फारशा आवडत नाहीत. दहाव्या मिनिटाला मोठी माणसं आपली जुनी गाणी काढतात आणि खेळ बळकावून बसतात. गावांच्या भेंड्यांत सगळे सारखे. पहिला म्हणतो 'पनवेल'. दुसऱ्याला आला 'ल', तो म्हणतो 'लोणावळा'. झालं, तिसऱ्यावर 'ळ'! मराठीत 'ळ'नं सुरू होणारं गाव आणायचं कुठून? 'ण'चीही तीच रड. आणि हा रस्ता म्हणजे तर 'ण' आणि 'ळ' यांचं आगारच. गव्हाण, उरण, करळ, भेंडखळ... प्रतिस्पर्ध्याला अडकवायला याहून चांगला मुलूख नाही. घरोघरी यावर तोडगा ठरलेला असतो: 'ण' आला तर 'न' घ्या, 'ळ' आला तर 'ल' घ्या. तुम्ही सवलत द्यायची की नाही, ते गाडी सुटण्यापूर्वीच ठरवा. नाहीतर अर्धा प्रवास भांडणात जाईल.

आता नियम जरा कडक करू. डोक्यातलं गाव चालणार नाही, रस्त्याकडेच्या पाटीवर दिसेल तेच गाव. पाटी आधी वाचणाऱ्याला एक गुण. आणि त्या गावाबद्दल एक खरी गोष्ट सांगितली तर आणखी पाच. 'तिथे माझी मावशी राहते' हीसुद्धा खरी गोष्टच, पण तिला दोनच गुण द्यावेत असं माझं मत आहे.

पाच गुण कसे मिळतात बघा. पळस्पे फाट्याजवळ कुणी 'शिरढोण' वाचलं, तर आद्य क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके १८४५ साली तिथे जन्मले. 'चिरनेर' दिसलं? २५ सप्टेंबर १९३० रोजी तिथल्या गावकऱ्यांनी जंगल सत्याग्रह केला. इंग्रज सरकारच्या पोलिसांनी गोळ्या झाडल्या आणि गावकरी हुतात्मे झाले. आणि 'जासई' आलं की आवाज थोडा खाली आणा. नवी मुंबई उभारायला सरकार इथली भातशेती आणि मिठागरं घेत होतं. योग्य मोबदला मिळावा म्हणून जानेवारी १९८४ मध्ये शेतकरी रस्त्यावर उतरले. त्यांचे पुढारी दि. बा. पाटील याच जासईचे. गोळीबारात पाच शेतकऱ्यांनी प्राण गमावले. त्या लढ्यातूनच पुढे जमीन गेलेल्यांना साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याची योजना आली. आज तुमची गाडी ज्या रुंद रस्त्यावरून पळतेय, त्याच्या आजूबाजूची ही गोष्ट आहे.

द्रोणागिरीच्या वसाहतीत शिरलात की पाट्या बदलतात. सेक्टर अमुक, सेक्टर तमुक. सेक्टरला शून्य गुण! भेंड्यांत आकडा चालत नाही. पण त्या इमारतींच्या मधेमधे फुंडे, डोंगरी, पाणजे, बोकडविरा अशी गावं अजून आहेत. ती ज्याला सापडतील तो जिंकला.

एव्हाना ट्रेलरची रांग लागली असेल. उत्तम! आता खरी मजा.

समोरच्या ट्रेलरवर जी लांबलचक पत्र्याची पेटी असते ती म्हणजे कंटेनर. वीस फुटी किंवा चाळीस फुटी. इथल्या न्हावा-शेवा बंदराचं काम १९८९ साली सुरू झालं, तेव्हापासून जगभरच्या पेट्या या रस्त्यानं ये-जा करतात. पेटीत भरून माल पाठवायची ही पद्धत रुजवली माल्कम मॅक्लीन नावाच्या एका अमेरिकन ट्रकवाल्यानं. माल ट्रकमधून उतरवा, जहाजात चढवा, पुन्हा उतरवा याचा त्याला कंटाळा आला होता. २६ एप्रिल १९५६ रोजी त्याचं पहिलं जहाज ५८ पेट्या घेऊन निघालं.

सोपा खेळ आधी. रंग आणि नाव बघून देश ओळखा. हिरवी 'एव्हरग्रीन' तैवानची. नारिंगी 'हापाग-लॉइड' जर्मनीची. निळ्या चौकोनात पांढरी चांदणी असलेली 'मर्स्क' डेन्मार्कची. गुलाबी 'वन' ही तीन जपानी कंपन्यांनी मिळून काढलेली. आणि 'एमएससी' कुठली? स्वित्झर्लंडची! ज्या देशाला समुद्रकिनाराच नाही, तिथल्या कंपनीचा कंटेनर-जहाजांचा ताफा जगात सर्वांत मोठा आहे. हा प्रश्न बाबांना विचारा, बहुतेक चुकतील.

आता गणितवाल्यांसाठी. कंटेनरच्या मागच्या दारावर वर उजवीकडे चार इंग्रजी अक्षरं आणि सात आकडे असतात. शेवटचा आकडा बहुधा चौकटीत असतो. तो आकडा मनाला येईल तो नसतो, आधीच्या दहांवरून काढलेला असतो! एकानं चौकटीतला आकडा गुपचूप वहीच्या मागच्या पानावर लिहायचा, बाकीचं मोठ्यानं वाचायचं. इतरांनी शेवटचा आकडा ओळखायचा.

कसा? अक्षरांना किंमती आहेत. ए म्हणजे १०, बी १२, सी १३ असं पुढे जायचं, पण ११, २२ आणि ३३ गाळायचे. म्हणून के २१ आणि एल थेट २३, यू ३२ आणि व्ही ३४. आता पहिल्या किमतीला १ नं गुणा, दुसरीला २ नं, तिसरीला ४ नं, चौथीला ८ नं... असं दुप्पट करत दहाव्याला ५१२ नं. सगळ्यांची बेरीज करा आणि ११ नं भागा. जी बाकी उरेल तो तुमचा आकडा. बाकी १० आली तर शून्य.

करून बघू. सी, एस, क्यू, यू, ३, ०, ५, ४, ३, ८. अक्षरांच्या किंमती १३, ३०, २८, ३२. गुणाकार येतात १३, ६०, ११२, २५६, ४८, ०, ३२०, ५१२, ७६८, ४०९६. बेरीज ६१८५. अकरानं भागलं तर भाग गेला ५६२ वेळा, बाकी ३. चौकटीत ३ हवा!

हा खटाटोप कशासाठी? बंदरातल्या कारकुनानं घाईत दोन आकडे उलटसुलट लिहिले, तर बाकी जुळत नाही आणि चूक तिथल्या तिथे पकडली जाते. नाहीतर उरणच्या कोळंबीची पेटी भलत्याच देशात जायची. पहिला कंटेनर सोडवायला दहा मिनिटं लागतील. रांगेत तेवढा वेळ मिळतोच. पुढे पुढे वेग येतो.

ट्रकच्या नंबरप्लेटचा खेळ तुम्हाला येत असेलच: एमएच ०६ रायगड, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल, १२ पुणे. या रस्त्यावर 'एनएल' म्हणजे नागालँडचेही पुष्कळ नंबर दिसतील. म्हणून ते ट्रक नागालँडहून आले असं मात्र समजू नका. तिथे नोंदणी स्वस्तात होते, असं ट्रकवाले सांगतात.

आता आजींना पुढे करा. खेळाचं नाव 'भरती की ओहोटी?' गाडी खाडीपाशी पोचण्याआधी पैज लावायची: खाडीत पाणी असेल की चिखल? तुम्ही अंदाज कराल, आजी हिशोब करतील. कोकणात पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला हा हिशोब आहे. तिथीची पाऊणपट करा, की भरतीची वेळ आली. आज चतुर्थी असेल, तर चाराची पाऊणपट तीन. म्हणजे पहाटे तीनला आणि दुपारी तीनला खाडी भरलेली. अष्टमीला सहा वाजता. भरतीनंतर साधारण सव्वासहा तासांनी पूर्ण ओहोटी. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. तिथी घरच्या कॅलेंडरवर सकाळीच बघून निघा.

यामागे जादू नाही, चंद्र आहे. चंद्र रोज आदल्या दिवशीपेक्षा सुमारे पन्नास मिनिटं उशिरा उगवतो, म्हणून भरतीही तेवढीच पुढे सरकते. आपल्या पूर्वजांनी पन्नासऐवजी पंचेचाळीस धरली, तोंडी हिशोबाला सोपी. त्यामुळे थोडा फरक पडतो. पौर्णिमेला हिशोब सव्वाअकरा सांगतो आणि समुद्र भरतो बाराच्या सुमारास. तेव्हा आजींना पाऊण तासाची सूट द्यायची. होडी घेऊन जाणाऱ्या कोळ्याला एवढ्यावर भागत होतं, आपल्याला का भागू नये?

निकाल खोपट्याच्या खाडीपुलावर लागेल. गाडी तिथे थांबवायची नाही, जाता जाताच बघायचं. होड्या चिखलात कलंडल्यात, तिवरांची मुळं उघडी पडलीत, बगळे आणि लांब लाल पायांचे शेकाटे चिखलात टोचा मारतायत? ओहोटी. तिवरं कमरेपर्यंत पाण्यात? भरती. हिवाळ्यात पाणजेच्या पाणथळीत रोहित पक्षी उतरतात. तो दिसला की पंचवीस गुण आणि पुढचा वडापाव त्याचा.

दोन नियम राहिले. गाडी चालवणाऱ्याला कुठल्याही खेळात घ्यायचं नाही, पंच म्हणूनसुद्धा नाही. आणि पाटी वाचायला डोकं काचेबाहेर काढणारा बाद.

करंजा आलं. आता उतरा, पाय मोकळे करा आणि चढायची वाट गावात विचारून घ्या. डोंगरावरून एका बाजूला समुद्र, दुसऱ्या बाजूला बंदराच्या उंच क्रेन आणि मधे तुम्ही मघाशी अडकलेला तो रस्ता. ट्रेलर मुंग्यांएवढे दिसतात. वरून मोजलेल्या ट्रेलरना गुण नाहीत, हे आधीच सांगून ठेवतो.