आचाऱ्यांचा शिधा

आईच्या कपाटात साड्यांच्या खाली दोन फ्लॉप्या निघाल्या. काळ्या, साडेतीन इंची. एकीवर तिच्या बारीक अक्षरात ‘गोष्टी 1 ते 13’, दुसरीवर ‘14 ते 19’. सोबत प्रिंटआऊटही होता, पण वाळवीने तो मधोमध खाल्लेला. प्रत्येक ओळीची सुरुवात आणि शेवट तेवढा शिल्लक.

आई बडोद्याच्या एका मराठी शाळेत शिकवायची. गुजराती ही तिची घरातली भाषा नव्हे. शेजाराची आणि भाजीबाजाराची. निवृत्तीच्या आधी काही वर्षं तिने एकोणीस गुजराती कथा मराठीत आणल्या, कुणी सांगितलेलं नसताना. 1998 साली दांडिया बाजारातल्या एका डीटीपीवाल्याकडून त्या टाइप करून घेतल्या. पुण्याचे एक प्रकाशक ‘बघू’ म्हणाले, आणि ते बघणं काही संपलं नाही. डीटीपीवाल्याने पुढे त्याच जागेत मोबाइलची कव्हरं विकायला घेतली.

2003 मध्ये मी कलकत्त्याला, जादवपूरला, तौलनिक साहित्यात एम.ए. करत होते. बुद्धदेव बसूंनी 1956 साली सुरू केलेला तो विभाग. वर्गात आम्ही भाषांतराच्या अशक्यतेवर तावातावाने बोलायचो. त्याच वर्षी आईने सायबर कॅफेतल्या मुलाच्या मदतीने एक कथा मेलमध्ये घालून पाठवली. ‘वेळ झाला तर बघ.’ मी मेल उघडली, तर डोक्यावर दोन टिंबं घेतलेली युरोपीय अक्षरं, पौंडाची चिन्हं, उलटी प्रश्नचिन्हं. मी उत्तर लिहिलं, ‘वाचता येत नाही.’ तिने पुन्हा पाठवली नाही. मीही मागितली नाही.

ते का वाचता आलं नाही हे तुमच्यापैकी ज्यांनी त्या काळात बंगाली, तमिळ, कन्नड, कुठल्याही भाषेत छपाईचं काम केलं असेल त्यांना सांगायला नको. युनिकोडच्या 1991 च्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, पण आपली पानं ज्या पेजमेकरवर लागायची त्याला ती शेवटपर्यंत आली नाही. म्हणून फॉन्ट बनवणाऱ्यांनी युक्ती काढली. रोमन अक्षरांच्या घरांत देवनागरीचे तुकडे बसवले. अर्धा ग एका घरात, काना दुसऱ्या, रफार तिसऱ्या. पडद्यावर ग दिसायचा, फाइलमध्ये दोन परकी अक्षरं असायची. आणि प्रत्येक कंपनीची घरं वेगळी. सॉफ्टवेअर विकत घेतलं की सोबत एक ‘लॉक’ मिळायचं. अंगठ्यापेक्षा थोडं मोठं, संगणकाच्या पाठीमागे प्रिंटरच्या पोर्टात खुपसायचं. ते नसेल तर सॉफ्टवेअर उघडायचंच नाही. भाषांतर आईचं होतं, पण ते वाचायची किल्ली दुसऱ्याच्या टेबलामागे लावलेली होती, आणि त्या माणसाने टेबल विकलं होतं.

आई जाऊन वर्ष झाल्यावर मी ती कंपनी शोधून फोन केला. मुलगा अतिशय सौजन्याने बोलला. ती आवृत्ती आता सपोर्टेड नाही, मॅडम. नवी घ्या, वार्षिक वर्गणी आहे. नवीमध्ये जुनी फाइल उघडेल का? तसं खात्रीने सांगता येणार नाही, मॅडम.

‘सपोर्टेड नाही’चं मराठी करायचा मी बराच प्रयत्न केला आहे, पोटासाठी. कथा-कादंबऱ्यांच्या भाषांतरावर घर चालत नाही, म्हणून मी मिक्सर, वॉशिंग मशीन, फोन यांच्या माहितीपुस्तिका मराठीत आणते. कालबाह्य म्हणावं तर दोष काळाच्या माथी जातो. नादुरुस्त म्हणावं तर वस्तू बिघडलेली नसते. मूळ वाक्यात कर्ता दडवलेला आहे. ‘आम्ही याकडे बघणं सोडून दिलं आहे’ हे त्याचं नीट भाषांतर, पण ते कोण छापू देणार? या पुस्तिकांमधलं आणखी एक वाक्य मी इतक्यांदा लिहिलंय की झोपेत म्हणेन: ‘अनधिकृत व्यक्तीकडून दुरुस्ती करून घेतल्यास वॉरंटी रद्द होईल.’

अनधिकृत व्यक्ती रावपुऱ्यात एका जिन्याखाली बसते. वय साठीच्या पुढे, नाकावर भिंगाचा चश्मा, समोर सोल्डरिंगची इस्त्री, मागे भिंतभर बरण्या: स्क्रू, कपॅसिटर, फोनची बटणं, कीबोर्डांचे सुटे दात. मी त्यांना काका म्हणते, ते मला बेन म्हणतात. काही वर्षांपूर्वी माझा लॅपटॉप बंद पडला तेव्हा सर्व्हिस सेंटरने अख्खा बोर्ड बदलायला सांगितला होता, नव्या लॅपटॉपच्या निम्म्याहून जास्त किमतीत. काकांनी चिमट्याने तांदळाच्या कणीएवढा जळका तुकडा काढला आणि एका मेलेल्या बोर्डावरचा तसाच तुकडा त्या जागी बसवला. चारशे रुपये. तो लॅपटॉप अजून चालतो. हा लेख त्याच्यावरच लिहितेय.

ते ‘रिपेर’ म्हणत नाहीत. म्हणतात, “सरखुं करी आपुं.” गुजरातीतलं हे सरखुं म्हणजे आपलं सारखं. मराठीतही पदर सारखा करतात, चादर सारखी करतात. म्हणजे नवं काही आणत नाहीत, जे आहे ते जागेवर नेतात. यंत्राबद्दल मात्र आपण मराठीत असं बोलत नाही. का नाही, कुणास ठाऊक.

फ्लॉप्या आणि वाळवीचा कागद मी त्यांच्यासमोर ठेवला. त्यांनी कागद उजेडात धरला, आणि काही न बोलता जिन्याच्या आतल्या अंगाला हात घालून प्लास्टिकचं आवरण ओढलं. खाली एक पिवळट पडलेला संगणक, विंडोज 98 वाला. कुणा डीटीपीवाल्याने धंदा बंद करताना भंगारच्या भावात दिलेला. मागे पोर्टात लॉक तसंच, आणि लॉकच्या पाठीवर प्रिंटरची केबल. दर महिन्याला एकदा ते तो चालू करतात. का, म्हणून विचारलं.

“बंद ठेवला की मरतो, बेन. माणसासारखं.”

याच फॉन्टचं लॉक त्यांच्याकडे असणं हा योगायोग वाटेल, पण फारसा नव्हता. बडोद्यातल्या मराठी कामाला तेव्हा दोन-तीनच फॉन्ट चालायचे आणि दुकानं एकामागून एक मोडीत निघाली; त्यांच्या बरणीत अशी चार लॉकं होती. तिसरं लागलं.

पहिल्या फ्लॉपीला बुरशी आली होती. पत्र्याचं झाकण सरकवून त्यांनी मला चकतीवरचे पांढरे ठिपके दाखवले. मग प्लास्टिकचं कव्हर पात्याने उघडलं, आतली चकती काढून स्पिरिटने पुसली, वाळवली आणि दुसऱ्या एका फ्लॉपीच्या कव्हरात घातली. ड्राइव्हने दोनदा नकार दिला. तिसऱ्या वेळी पडद्यावर तेरा फाइलींची नावं उमटली. मी स्टुलावरून उठलेच. काका म्हणाले, बसा, अजून वाचलंय कुठे.

मला घाई होती. मजकूर काढा, मी घरी जाऊन युनिकोडमध्ये बदलते. लोकांनी हौसेने बनवलेले फुकट कन्व्हर्टर आहेत. काकांनी मान हलवली. “पहेलां कागळ पर लई लो.” जुन्या लेझर प्रिंटरवर, त्याच लॉकमधून, तेरा कथांची छाप त्यांनी आधी काढली. एकशे चार पानं. मला तो वेळेचा अपव्यय वाटला, हे कबूल करते.

कन्व्हर्टरचं काम अवघड असतं. जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप होते, युनिकोडमध्ये नंतर. रफार नेमका उलट. हे सगळं त्या बिचाऱ्या प्रोग्रामने बरंच बरोबर हलवलं. पण आमच्या भाषेत एक पापणीसारखा र आहे. तो त्याला कळला नाही. दऱ्या आणि दर्या, यांतल्या पहिल्या शब्दातला तो आडवा फटकारा. गंमत अशी की युनिकोडच्या तक्त्यात हा ऱ आला तो दक्षिणेतल्या भाषांमधला एक वेगळा र देवनागरीत लिहिता यावा म्हणून; मराठीच्या साऱ्या दऱ्याखोऱ्या त्या उसन्या अक्षरावर उभ्या आहेत. कन्व्हर्टरने सगळीकडे साधा रफार दिला. कोपर्यात, वार्यावर, म्हातार्याने. आईच्या एका कथेत डांगच्या दर्यांत पाऊस पडायला लागला. काकांना मी ते वाचून दाखवलं तेव्हा त्यांनी गंभीरपणे विचारलं, “दरियो तो बराबर छे ने?” गुजरातीत दरियो म्हणजे समुद्र. डांग सगळं डोंगराचं. मग त्यांनाही हसू आलं.

अशा चुका डोळ्याला टोचतात, म्हणून त्या सापडतात. एक सापडली नसती. लग्नघरातली कथा आहे. वधूची आई पहाटे उठते आणि ‘आचार्यांना शिधा काढून देते’. मी तीनदा वाचलं, काही खटकलं नाही. आचार्यांना शिधा देतातच. काकांनी काढलेल्या छापेशी ताडून पाहिलं तेव्हा कळलं की आईने लिहिलं होतं ‘आचाऱ्यांना’. स्वयंपाक्यांना. पाचशे माणसांच्या जेवणाचं तांदूळ-तेल मोजून द्यायला बाई उठली होती, आणि एका फटकाऱ्याच्या फरकाने मी तिला दानधर्म करायला बसवलं होतं. पुढची अख्खी कथा त्या मोजलेल्या तेलावर फिरते. आईने ‘रसोइया’साठी आचारी हा शब्द निवडला होता, मी कदाचित स्वयंपाकी लिहिलं असतं, आणि ते फिकं पडलं असतं. एकवीस वर्षांपूर्वी मी जे वाचायचं टाळलं ते असं वाचलं.

या दुकानाचं गुणगान करताना मला जरा जपून राहायला हवं. काका काही कुणाविरुद्ध लढत नाहीत. त्यांची खरी कमाई फोनला काच चिकटवण्यातून होते, आणि ती काच, ते पाच पाकळ्यांच्या स्क्रूचे पेचकस, सगळं ते ऑनलाइनच मागवतात. नवे फोन गोंदाने बंद केलेले असतात. बॅटरी काढताना मोडतील म्हणून ते हल्ली काही मॉडेलं हातातच घेत नाहीत. मीही वेगळी नाही. मागच्या महिन्यात रात्री साडेअकराला इअरफोन मागवले, कारण जुन्याची एक बाजू ऐकू येत नव्हती. तार सांधून मिळाली असती. सकाळपर्यंत थांबवलं नाही. ते डबडं दारात आलं त्या दिवशी मी रावपुऱ्यातून गेलेच नाही.

2022 च्या जुलैमध्ये केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, डिसेंबरात पोर्टलही आलं. मी उत्साहाने काकांना सांगितलं. त्यांनी एकच विचारलं: त्यावर बोर्डाचा नकाशा मिळतो? कुठला तुकडा कशाला जोडलाय तो? मी त्यांच्यासमोरच फोनवर शोधलं. मला तरी सापडला नाही. “मग जुनं बरं,” असं म्हणून ते पुन्हा भिंगात शिरले.

दुसरी फ्लॉपी लावली तेव्हा ड्राइव्हमधून घरघर आली आणि काकांनी तात्काळ बटण दाबून ती बाहेर काढली. आणखी एकदा फिरवली तर हेड चकती खरवडून टाकेल. त्यांचं म्हणणं, ज्या ड्राइव्हवर ती लिहिली गेली तिची रेष थोडी सरकलेली असणार. तशीच सरकलेली ड्राइव्ह मिळाली तर जमेल. फ्लॉपी त्यांनी सिलिकाच्या पुड्या घालून एका बरणीत ठेवली आहे, वर माझं नाव. सगळ्याचे मिळून साडेतीनशे रुपये घेतले. मी हजार पुढे केले तर रागावले.

मधल्या काळात चौदावी कथा मीच करायला बसले. मूळ गुजराती पुस्तक लायब्ररीत आहे. वाळवीच्या कागदावर आईच्या ओळींची दोन्ही टोकं आहेत, मधलं मला घालता येतं. पहिल्या पानाचं घातलं, मग खोडून टाकलं.

शनिवारी काकांचा फोन आला होता. आणंदला एका बंद छापखान्यात तीन ड्राइव्ह पडून आहेत म्हणे. रविवारी बसने जाऊन बघून येतो, म्हणाले.