बरोबरीचा नियम आधी फळ्यावर लिहा

येत्या मे महिन्यात आमच्या गावची टेनिस बॉल क्रिकेट स्पर्धा आहे. रविवारी देवळात कमिटीची मीटिंग. त्याआधी एक गोष्ट इथे लिहून टाकतो, कारण मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर तोंडाने सांगायला जमेल असं वाटत नाही.

2018 ची स्पर्धा. चाकरमानी गावात आलेले, मैदानाच्या कडेला मांडव, माईकवर कॉमेंट्री. सोळा संघ, चार गट, आठ-आठ खेळाडू, सहा ओव्हरची मॅच. गटातला पहिला संघ थेट सेमीफायनलला. स्कोअर लिहायला मी. आणि मी खालच्या वाडीचा. हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येईल.

आमच्या गटात खालची वाडी आणि वरची वाडी, दोघांचे दोन-दोन विजय. गुण सारखे. हँडबिलावर एक ओळ छापलेली होती: "गुण समान झाल्यास नेट रनरेट धरला जाईल." बस्स, एवढंच. सगळे माझ्या टेबलाभोवती जमले आणि मी मोबाईलचा कॅल्क्युलेटर काढला.

नेट रनरेट म्हणजे आपण ओव्हरमागे केलेल्या धावा, त्यातून वजा ओव्हरमागे दिलेल्या धावा. खालच्या वाडीने तीन मॅचमध्ये 60, 52 आणि 30 म्हणजे 142 धावा केल्या होत्या, आणि 146 दिल्या होत्या. तिसऱ्या मॅचला 54 चा पाठलाग करताना आमची पोरं तीन ओव्हरमध्येच ऑलआऊट झालेली. म्हणून मी सहा अधिक सहा अधिक तीन, अशा 15 ओव्हर धरल्या. उत्तर आलं अधिक 1.36. वरच्या वाडीने 160 करून 147 दिले होते, दोन्हीकडे 18 ओव्हर. त्यांचं उत्तर अधिक 0.72. मी माईकवर खालच्या वाडीचं नाव घेतलं.

वरच्या वाडीचा कप्तान टेबलाजवळ आला, वही बघितली, आकडे बघितले. काही बोलला नाही. खालची वाडी सेमीफायनल जिंकली, फायनलही जिंकली. चषक अजून आमच्या समाजमंदिरात काचेच्या कपाटात आहे.

पुढच्या वर्षी वरच्या वाडीने संघ उतरवला नाही. कारण विचारलं तर म्हणायचे, पोरांना सुट्टी नाही. पण गावात काय बोललं जायचं ते मला माहीत होतं: "स्कोअरर त्यांचाच, मग काय!" मला राग यायचा. मी एका धावेचीही लबाडी केली नव्हती.

मग आला 2019 चा वर्ल्डकप. साखळी संपताना न्यूझीलंड आणि पाकिस्तान दोघांचे 11 गुण झाले. विजयही सारखे, पाच-पाच. साखळीत पाकिस्तानने न्यूझीलंडला हरवलंही होतं. तरी सेमीफायनलला गेलं न्यूझीलंड. शेवटच्या मॅचला पाकिस्तानने बांगलादेशविरुद्ध 315 केले आणि पुढे जायचं तर बांगलादेशला सात धावांत गुंडाळायला हवं होतं! इतका खड्डा पडला कुठे? मोठा खड्डा पहिल्याच मॅचला. वेस्ट इंडिजविरुद्ध पाकिस्तान 21.4 ओव्हरमध्ये 105 वर ऑलआऊट झालं होतं. पण रनरेट काढताना ते 105 भागले गेले पूर्ण 50 ओव्हरने. ऑलआऊट झालेल्या संघाच्या नावावर त्याच्या वाट्याच्या सगळ्या ओव्हर धरायच्या, असा नियम आहे.

हे वाचलं आणि पोटात गोळा आला. माळ्यावरची वही काढली. खालच्या वाडीच्या 15 नाही, 18 ओव्हर धरायच्या होत्या. 142 भागिले 18, म्हणजे 7.89. दिलेल्या धावांचा दर 8.11. उत्तर उणे 0.22. सेमीफायनल वरच्या वाडीची होती.

मी काय केलं? वही परत माळ्यावर ठेवली.

मनाला समजवायला कारणं भरपूर सापडली. एक म्हणजे आपसातल्या मॅचमध्ये खालच्या वाडीनेच वरच्या वाडीला 52 विरुद्ध 44 असं हरवलं होतं. मग आपण पुढे गेलो त्यात वाईट काय? दुसरं, ऑलआऊटचं काय करायचं हे हँडबिलावर लिहिलं कुठे होतं?

दोन्ही कारणं तशी खोटी नाहीत. आपसातला निकाल आधी बघणाऱ्या स्पर्धाही जगात आहेत. त्यालाही अडचणी आहेत. तीन संघ अडकले, पहिल्याने दुसऱ्याला, दुसऱ्याने तिसऱ्याला आणि तिसऱ्याने पहिल्याला हरवलं, की झालं, पुन्हा तिथेच. रनरेटमध्ये एका वाईट दिवसाची शिक्षा पूर्ण स्पर्धेला मिळते. सगळ्यांना पटेल असा नियम मला तरी सापडलेला नाही. पण आम्ही हँडबिलावर रनरेट छापला होता. निकाल लागल्यावर मला सोयीचा दुसरा नियम मी मनातल्या मनात लावत होतो. आणि ऑलआऊटबद्दल आम्ही काही लिहिलं नव्हतं म्हणूनच ते ठरवायचं काम एका माणसाच्या हातात गेलं. तो माणूस त्यातल्याच एका वाडीचा.

नियम नुसता असून भागत नाही, तो खेळणाऱ्याला वेळेवर कळायला लागतो. 2014 ला वानखेडेवर मुंबई इंडियन्सला राजस्थानचं 190 चं आव्हान 14.3 ओव्हरमध्ये गाठायचं होतं. तिथे धावा झाल्या बरोबर 189. सगळ्यांना वाटलं संपलं. थोडा गोंधळ झाला, आणि मग कळलं की पुढच्याच चेंडूवर चौकार मारला तरी चालेल. आदित्य तरेने षटकार मारला, मुंबई प्लेऑफला गेली.

उलटं झालं 2023 च्या आशिया कपला, लाहोरमध्ये. श्रीलंकेविरुद्ध अफगाणिस्तानला 37.1 ओव्हरमध्ये 292 करायचे होते. त्या चेंडूवर विकेट पडली, स्कोअर 289. त्यांना वाटलं आपण बाहेर. प्रत्यक्षात पुढच्या तीन चेंडूंत एक षटकार बसला असता तर 295 होऊन ते पुढे गेले असते. मैदानात कुणालाच हे माहीत नव्हतं. शेवटचा फलंदाज चेंडू अडवत राहिला, तिसऱ्या चेंडूवर बाद झाला. रशीद खान दुसऱ्या टोकाला नुसता उभा. हिशेब आपल्याला कुणी सांगितलाच नव्हता, असं त्यांचे कोच नंतर म्हणाले.

हे फक्त क्रिकेटचं नाही. 2017 च्या मुंबई महापालिका निवडणुकीत एका प्रभागात दोन उमेदवारांची मतं फेरमोजणीनंतरही सारखी आली. निकाल चिठ्ठी काढून लागला. चिठ्ठी म्हणजे निव्वळ नशीब. तरी ते मानावं लागतं, कारण मतदानाच्या आधीपासून कायद्यात लिहिलेलं आहे. तेच जर मतमोजणीच्या टेबलावर कुणी साहेबाने जागच्या जागी ठरवलं असतं तर? कितीही शहाणपणाने ठरवलं असतं तरी कुणी मानलं असतं?

गेल्या गणपतीत मी वरच्या वाडीच्या कप्तानाला गाठलं. आरती झाल्यावर बाहेर पडवीत बसलो आणि वही त्याच्या हातात दिली. त्याने मोबाईलवर स्वतः हिशेब केला. एकदा, मग परत एकदा. म्हणाला, "मला तेव्हाच वाटला होता कायतरी चुकतंय. पण काय ते सांगता येत नव्हता." मग थोड्या वेळाने, "चूक झाली त्याचा काय नाय रे. पण 2019 ला कळला तेव्हा का नाय आलास?"

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आजही नाही.

तर मंडळी, रविवारी मी तीन गोष्टी मांडणार आहे. एक, बरोबरी झाली तर काय, हे क्रमाने पूर्ण लिहायचं: आधी आपसातली मॅच, मग रनरेट, ऑलआऊट झाल्यास पूर्ण ओव्हर धरून, आणि तरीही सारखं असेल तर टॉस. हे पहिल्या मॅचच्या आधी फळ्यावर, आणि सगळ्या कप्तानांच्या सह्या. दोन, स्कोअरच्या टेबलावर दोन माणसं, दोन वेगळ्या वाड्यांची. तीन, कपाटातल्या चषकाखाली 2018 चा खरा हिशेब लिहून लावायचा. चषक कुठे ठेवायचा ते वरच्या वाडीने ठरवावं.

तिसऱ्या गोष्टीला आमच्याच वाडीतून विरोध होणार, मला माहीत आहे. तेव्हा जे पटतंय ते रविवारी येऊन बोला. इथे नुसता अंगठा दाबून जाऊ नका.