सदलग्याचे उपाध्ये सर आणि माझी आज्जी

बंगळूरहून कोल्हापूर-पुण्याकडे गाडीनं जाताना आपण सगळेच निपाणी ओलांडतो. बहुतेक जण तिथं चहा पिऊन पुढं निघतात. निपाणीहून पूर्वेला, बेडकिहाळच्या बाजूनं गेलं की दोन्हीकडं उसाची शेतं लागतात आणि तासाभराच्या आत सदलगा येतं. चिक्कोडी तालुक्यातलं, दूधगंगेजवळचं हे गाव. नदीपलीकडं थोड्याच अंतरावर महाराष्ट्र सुरू होतो. दुकानांच्या पाट्या कन्नडमध्ये आणि गिऱ्हाइकाशी भाव मात्र दोन्ही भाषांत.

हे माझं आजोळ. गेल्या मे महिन्यात तिसरीतल्या लेकीला घेऊन बऱ्याच वर्षांनी गेलो. मामा म्हणाले, "काय रे, लई दिवसांनी वाट वाकडी केलीस!" त्यावर मला उत्तर सुचलं नाही.

वाट वाकडी न करण्याचं कारण होतं. माझे वडील निपाणीचे, मराठी. आई सदलग्याची, तिच्या माहेरी कन्नड. १९५६ मध्ये राज्यांची फेररचना झाली, बेळगाव जिल्हा मुंबई राज्यातून तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि सीमाभागातल्या घराघरांत भाषेची जखम राहिली. वडिलांनी त्या चळवळीचे दिवस पाहिले होते. त्यामुळं आमच्या घरचा नियम एकच, घरात मराठीच. आईनंही कधी वाद घातला नाही. सुट्टीत आज्जीकडं गेलो की ती माझ्याशी मोडक्या मराठीत बोलायची आणि आमचं भागायचं.

मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असताना आज्जी आजारी पडली. शेवटच्या दिवसांत तिची मराठी गळून गेली आणि उरली फक्त कन्नड. एका रात्री मी एकटाच तिच्याजवळ होतो. ती सारखी म्हणत होती, "कदा हाक, कदा हाक." मी पाणी दिलं, पांघरूण घातलं, उशी सरळ केली. ती मान हलवायची आणि पुन्हा तेच म्हणायची. शेवटी मामा आले आणि त्यांनी दार लावलं. जानेवारीचा गारठा आत येत होता. 'दार लाव', एवढंच तिचं म्हणणं होतं. आज्जीचे ते दोन शब्द मला कळले नाहीत, हे अजून मनातून जात नाही.

यावेळी मामांशी बोलताना गावातल्या मोठ्या माणसांचा विषय निघाला. सदलगा म्हटलं की लोकांना आचार्य विद्यासागर महाराज आठवतात, १९४६ साली ते इथंच जन्मले. पण मामा म्हणाले, "त्यांच्या आधी उपाध्ये झाले. आमचे वडील त्यांचं नाव फार आदरानं घ्यायचे." परत आल्यावर मी शोधाशोध केली आणि त्यात पुरता गुंतलो.

डॉ. आदिनाथ नेमिनाथ उपाध्ये यांचा जन्म ६ फेब्रुवारी १९०६ रोजी सदलग्यात झाला. १९३० मध्ये ते कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजात अर्धमागधी शिकवायला लागले आणि १९६२ पर्यंत तिथंच राहिले. प्राकृत म्हणजे संस्कृतशेजारी वाढलेल्या जुन्या लोकभाषा. मराठी त्यांच्यातूनच आली. या भाषांतले ग्रंथ ताडपत्रांवर आणि जुन्या कागदी पोथ्यांत ठिकठिकाणी पडून होते. ते वाचून, तपासून छापायचे हे उपाध्ये सरांचं आयुष्यभराचं काम.

त्यांनी संपादित केलेला कुंदकुंदाचार्यांचा 'प्रवचनसार' १९३५ मध्ये आला. त्याला शंभराहून जास्त पानांची इंग्रजी प्रस्तावना होती आणि लेखक अजून तिशीच्या आत होता! १९३९ मध्ये मुंबई विद्यापीठानं त्यांना डी. लिट. दिली. त्याच वर्षी दुसरं महायुद्ध सुरू झालं. पुढं कागदाची टंचाई आली, पण कोल्हापुरातलं काम थांबलं नाही. हरिषेणाचा 'बृहत्कथाकोश' आणि डॉ. हिरालाल जैन यांच्यासोबत केलेल्या 'तिलोयपण्णत्ती'चा पहिला भाग, दोन्ही १९४३ चे.

ही संपादनाची पद्धत मला माझ्या कामामुळं लगेच पटली. एकाच ग्रंथाच्या दोन-चार हस्तलिखित प्रती मिळतात. नकलणारे वेगळे, त्यांचे प्रांत वेगळे, त्यामुळं शब्द जुळत नाहीत. आपण एकाच प्रोग्रामच्या दोन आवृत्त्या समोरासमोर ठेवून ओळ न ओळ ताडून पाहतो, तसंच हे, फक्त संगणकाशिवाय आणि हजार वर्षं जुन्या मजकुरावर. प्रत्येक ठिकाणी संपादक एक शब्द निवडतो, त्याला 'पाठ' म्हणतात. पण न निवडलेला शब्द तो फेकून देत नाही. पानाच्या तळाशी, कोणत्या पोथीत काय होतं ते नोंदवून ठेवतो. उद्या कुणाला खालचाच शब्द बरोबर वाटला, तर तो सापडला पाहिजे.

उपाध्ये सरांचं सगळ्यात गाजलेलं संपादन 'कुवलयमाला'चं. मूळ पाठ १९५९ मध्ये निघाला, प्रस्तावना आणि टिपांचा दुसरा भाग १९७० मध्ये. आधार दोन पोथ्यांचा, एक पुण्यातली कागदी आणि दुसरी जैसलमेरची ताडपत्री. उद्द्योतनसूरींनी ही कथा राजस्थानातल्या जालोरला इ. स. ७७९ मध्ये पूर्ण केली. शकाचं ७०० वं वर्ष संपायला एक दिवस बाकी होता, इतकी नेमकी नोंद त्यांनी स्वतःच करून ठेवली आहे.

या कथेत एक बाजार आहे. नायक दक्षिणेतल्या विजयापुरीत पोचतो, तेव्हा तिथं देशोदेशीचे व्यापारी आपापल्या बोलीत सौदे करत असतात. त्यात आपला मराठी माणूसही आहे. तो दणकट, ठेंगणा, सावळा, सोशीक, मानी आणि भांडखोर! (घरात वाचून दाखवलं, तर बायको म्हणाली, "बाराशे वर्षांत काही फरक नाही.") त्याच्या तोंडी दिल्या-घेतल्याचे शब्द आहेत. मराठी बोलीची ही अगदी जुनी नोंद म्हणून आपल्या भाषेच्या इतिहासात तिचा उल्लेख होतो. आणि त्याच बाजारात कर्नाटकचा व्यापारीही आपली बोली बोलतो. सदलग्याच्या माणसानं आयुष्याची वर्षं खर्चून जो ग्रंथ उजेडात आणला, त्यात सदलग्याचाच बाजार सापडावा, याचं मला फार नवल वाटलं.

पुढची गोष्ट १९६७ सालची. त्या वर्षी महाजन आयोगाचा अहवाल आला आणि सीमावाद पुन्हा पेटला. त्याच वर्षी श्रवणबेळगोळला कन्नड साहित्य संमेलन भरलं आणि त्याचे अध्यक्ष होते कोल्हापुरात हयात घालवलेले उपाध्ये सर. श्रवणबेळगोळला आपल्यापैकी अनेक जण सहलीला गेलेले असतील. तिथं गोमटेश्वराच्या पायाशी कन्नड आणि मराठी कोरीव लेख शेजारी शेजारी आहेत. शाळेत मराठीचा जुना शिलालेख म्हणून आपण ज्याचं नाव पाठ करतो, तो हाच. पुढं १९७१ पासून उपाध्ये सर म्हैसूर विद्यापीठात जैनविद्या आणि प्राकृतचे प्राध्यापक होते. ८ ऑक्टोबर १९७५ ला कोल्हापुरात त्यांचं निधन झालं.

माझ्या वडिलांना मी दोष देत नाही. त्यांनी मराठी जपली, म्हणून आज हा लेख मराठीत लिहितोय. पण आमच्या घरानं एक पाठ निवडला आणि दुसरा तळाशीही लिहून ठेवला नाही, एवढं खरं.

परतायच्या दिवशी सकाळी मी सामान गाडीत ठेवत होतो. आतून आवाज आला. लेक बंगळूरच्या शाळेत शिकलेल्या कन्नडमध्ये मामींना विचारत होती, "ऊटा आय्ता?" मामी हसून त्यांच्या सदलगी कन्नडमध्ये म्हणाल्या, "आतु बाळा." मग दोघींचं बराच वेळ काहीतरी चाललं. मला निम्मं कळलं, निम्मं नाही. गाडीत बसल्यावर लेकीला म्हटलं, "मला पण शिकव."

"काय शिकवू?"

म्हटलं, "'दार लाव' मला येतं. त्याच्या पुढचं शिकव."

पुढच्या वेळी पुण्याला जाताना निपाणीत चहा घेतलात, तर पूर्वेकडं वळून बघा. आणि घरात आज्जी असतील, तर त्या कुठल्या कुठल्या भाषा बोलतात ते आजच विचारून लिहून ठेवा, तळटीप म्हणून का होईना.