चार वाजता येणारा ट्रक

आत्या गेली त्यानंतर तिसऱ्या महिन्यात आम्ही तिचं वाईचं घर रिकामं केलं. घर विकलं होतं आणि सामान न्यायला दुपारी चारला ट्रक येणार होता. सकाळपासून आम्ही भावंडं फडताळं उपसत होतो. ठेवायचं, द्यायचं, टाकायचं, असे तीन ढीग. माळ्यावरच्या ट्रंकेत हिशेबाच्या वह्या निघाल्या. दुधाचा रतीब, वाण्याचं देणं, आणि एका पानावर मधेच चार ओळी, ज्या हिशेबाच्या नव्हत्या. मी वाचायला टेकले तोच खालून हाक आली, "अगं, बसलीस काय? आटप!" वही तिसऱ्या ढिगात गेली. त्या ओळी काय होत्या ते मला आजही माहीत नाही.

पुढे काही वर्षांनी भाच्याच्या कॉम्प्युटरवर मी 'गॉन होम' खेळले. फुलब्राइट या अमेरिकन स्टुडिओचा हा 2013 सालचा खेळ. 7 जून 1995, मध्यरात्र उलटलेली, ऑरेगनमधलं एक प्रशस्त घर आणि बाहेर कोसळणारा पाऊस. वर्षभर युरोपात राहून थोरली लेक केटी घरी येते, तर घरात कुणीच नाही. दारावर धाकट्या बहिणीची चिठ्ठी, माझा शोध घेऊ नकोस म्हणून विनवणारी. बस, एवढंच. शत्रू नाही, गुण नाहीत, घड्याळ नाही. आपण दिवे लावत खोल्यांतून फिरायचं, खण उघडायचे, कागद वाचायचे. बापाच्या न खपलेल्या कादंबऱ्यांचे खोके, व्हिडिओ टेपांवर हाताने लिहिलेली नावं, धाकटीच्या वहीतले चिठोरे. या वस्तूंतूनच त्या घरातली माणसं हळूहळू उभी राहतात.

केटी या घरात कधी राहिलेलीच नाही. ती परदेशी असताना घरच्यांनी बिऱ्हाड हलवलं. हा बारकावा मला फार मोलाचा वाटतो. आपल्या रोजच्या घरात कुणी असे खण उघडत बसत नाही, आणि परक्याच्या घरात उघडले तर ती चोरी होते. घर आपल्या माणसांचं, पण आपल्याला अनोळखी. या एका जुळणीमुळे प्रत्येक खण उघडायला कारण मिळतं, आणि उघडताना थोडा संकोचही वाटतो. उचललेली वस्तू हातात फिरवून बघता येते आणि जागेवर नजर नेली की ती परत तिथेच ठेवता येते. या परत ठेवण्याने खेळ पुढे सरकत नाही. तरी मी प्रत्येक कप, प्रत्येक कॅसेट जिथली तिथे ठेवत गेले. त्या घरापुढे कुठला ट्रक येणार नव्हता.

वाटा ठाऊक असलेला माणूस हा खेळ एका मिनिटाच्या आत संपवू शकतो, आणि तसे विक्रम लोकांनी केलेही आहेत. मला दोन संध्याकाळी लागल्या. शेवटचं दार दोघांनाही तेच उघडतं. मग मधल्या वेळाचं काय? माझ्या मते खेळ त्या वेळातच असतो. दार हे फक्त चालत राहायला दिलेलं निमित्त.

अशा खेळांना आधी हेटाळणीने 'वॉकिंग सिम्युलेटर' म्हणत, म्हणजे नुसतं चालण्याचा खेळ. 'द चायनीज रूम' या ब्रिटिश स्टुडिओच्या 'डिअर एस्थर'वर तर हा शिक्का पक्का बसला. 2008 मध्ये तो 'हाफ-लाइफ 2'वर बेतलेला एक प्रयोग होता. 2012 मध्ये नव्याने घडवून स्वतंत्र खेळ म्हणून आला. हेब्रिडीजमधलं एक ओसाड बेट, मोडकी झोपडी, फुटलेलं जहाज. पळता येत नाही, उडी मारता येत नाही, एखादं दारसुद्धा उघडता येत नाही. एक पुरुषी आवाज पत्रांचे तुकडे वाचतो आणि कुठला तुकडा कधी ऐकू येईल हे दर खेपेला थोडं बदलतं. पण पहिल्या किनाऱ्यावरून दूर एका मनोऱ्यावरचा लाल दिवा लुकलुकताना दिसतो. वाट वळते, दिवा डोंगराआड जातो, पुन्हा दिसतो. पंढरीच्या वाटेवर कळस दिसला की दुखणारे पाय पुन्हा उचलतात, तसं त्या दिव्याने मला नेलं. कुठे जायचं ते कळलेलं असावं आणि तिथे पोचल्यावर काय मिळेल ते कळलेलं नसावं. ओसाड जागेत एवढा हेतू मला पुरतो.

फिनलंडच्या 'लोइस्ते इंटरॅक्टिव्ह'चा 'इन्फ्रा' याच्या अगदी दुसऱ्या टोकाला. त्यात आपण बांधकामं तपासणारे अभियंते असतो. धरणाच्या भिंती, बोगदे, गंजलेले पंप, आणि हातात कॅमेरा. भेग दिसली की फोटो काढायचा. या कामाने माझी नजरच बदलली. जिथून मी सरळ निघून गेले असते तिथे थांबून छताची ओल बघू लागले, खांबाचं उघडं पडलेलं लोखंड बघू लागले. बंद पंप चालू केलाच पाहिजे अशी सक्ती नाही, पण मी तासभर खपून केला. स्टालबुर्ग नावाचं ते शहर कल्पनेतलं आहे हे ठाऊक असूनही तिथल्या पाण्याची मला काळजी वाटली.

संथपणा म्हणजे आपोआप खोली, असं मात्र मी मानत नाही. 'एव्हरीबडीज गॉन टू द रॅप्चर' हा 'चायनीज रूम'चाच 2015चा खेळ. 1984 सालचं श्रॉपशरमधलं एक खेडं, माणसं नाहीशी झालेली, ॲशट्रेत सिगारेट अजून धुमसतेय. एक प्रकाशाचा गोळा पुढे पुढे जातो, आपण मागून. जेसिका करीचं संगीत त्या रिकाम्या गल्ल्यांना असं बिलगतं की माझे डोळे भरून आले होते. पण वाट चुकून बंद फाटकाशी पोचलं की तीच वाट त्याच पावलांनी परत तुडवायची. अशा वेळी बघायचं काही उरत नाही, फक्त अंतर उरतं. भाच्याने शेजारून विचारलंच, "मावशी, पळायचं बटण कुठलं?" मला माहीत नव्हतं. खेळात ते कुठे सांगितलेलंच नव्हतं. लोकांनी कुरकुर केल्यावर निर्मात्यांनी उलगडा केला की आर-टू दाबून धरलं तर चाल हळूहळू वाढते. ते आधीच सांगायला हवं होतं असं मला मनापासून वाटतं. पळू शकणारा माणूस सावकाश चालला तर त्या चालण्यात त्याची इच्छा असते.

पुढच्या रविवारी भाच्याने तोच खेळ पहिल्यापासून लावला. आल्या आल्या त्याने आर-टू दाबून धरलं. रस्ता, कुंपणं, लाल टेलिफोन बूथ भराभर मागे पडले. मग एका परसात रेडिओ लागलेला होता, कुणीतरी आकडे म्हणत होतं. त्याचं बोट बटणावरून उठलं. तो त्या खिडकीपाशी गेला आणि थांबला. स्वयंपाकघरातून आई त्याला जेवायला बोलावत होती. मी तिला हातानेच थांब म्हटलं.