काट्याची साक्ष

घोडनदीच्या कांठीं शिरूरास आमचें घर, न्हावऱ्याच्या वाटेवर थोडें उंसाचें रान, आणि भीमेच्या कांठीं दौंडास आमच्या थोरल्या भगिनीचें बिऱ्हाड. या तिहींची गांठ घालून देणारी वस्तु म्हणजे आमची जुनी डिझेल जीप. ती कोणत्या कारखान्याची, हें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. कारण पुढें जो दोष सांगावयाचा आहे, तो थोडा तिच्या वयाचा आणि पुष्कळसा आमचा आहे.

जीप ही मूळची लढाईवरची गाडी. दुसरें महायुद्ध संपल्यावर, १९४७ सालापासून, मुंबईंत तिची जुळणी होऊं लागली. पुढें तिच्या पोटांत पेट्रोलच्या जागीं डिझेलचें इंजिन आलें. पण आमच्या भागांतील शेतकऱ्यांना तें परकें वाटलें नाहीं. विहिरीवरच्या ऑइल इंजिनानें त्यांना हा धडा आधींच दिला होता. रुडॉल्फ डिझेलचें इंजिन १८९७ सालीं यशस्वी झालें. परंतु तें मोटारींत सर्रास बसूं लागलें तें १९२७ सालीं रॉबर्ट बॉशच्या कारखान्यांतून इंधनाचे पंप मोठ्या संख्येनें निघूं लागल्यानंतर. या इंजिनांत ठिणगी नसते. हवा इतकी दाबली जाते कीं ती तापते, आणि पंपानें नोझलमधून फवारलेलें डिझेल त्या उष्णतेनेंच पेटतें. मात्र नळींत हवा शिरली, तर पंपाचा सारा जोर ती हवा दाबण्यांतच खर्च होतो आणि नोझल उघडत नाहीं. म्हणून ‘हवा काढणें’ ही विद्या आमच्याकडे पोरासोरांनाही अवगत आहे. या विद्येच्या घमेंडींत आमची अशी समजूत झाली होती कीं, डिझेलच्या गाडींत विजेचें काम काय तें सेल्फ फिरविण्यापुरतें आणि दिवे लावण्यापुरतें.

ही जीप अकरा वर्षें एकाच माणसानें चालविली. तो दौंड तालुक्यांतला. चिखलांतून उंसाची पट्टी कशी पार करावी, चढावर कोणता गिअर टाकावा, हें त्यानें आम्हांला शिकविलें. आम्हीं त्याला पगार दिला, आणि आपण त्याला पुष्कळ दिलें असें मानून राहिलों. शेवटच्या वर्षीं एक चमत्कारिक गोष्ट होऊं लागली. त्यानें वीस लिटर डिझेल भरून आणावें आणि काट्यानें जेमतेम पाव टाकी दाखवावी. रात्रीं काटा एके ठिकाणीं असे, सकाळीं त्याहून खालीं. तो एकदां म्हणाला, “काका, काटा खोटं बोलतोय.” आम्ही हंसलों. काट्याला काय कुणाची भीड, असें आमच्या मनांत आलें.

आम्हीं त्याला चोर म्हटलें नाहीं. सुशिक्षित माणसें तसें म्हणत नाहींत. आम्हीं एक वही आणली, आणि रोज सकाळीं व संध्याकाळीं काटा कोठें आहे तें लिहून खालीं सही करावी, असें त्याला अत्यंत सौम्य शब्दांत सांगितलें. किती लिटर भरलें आणि किती किलोमीटर चाल झाली, एवढें जरी त्या वहींत मांडलें असतें तरी खरें काय तें आठ दिवसांत कळलें असतें. पण तें आम्हांला सुचलें नाहीं. त्यानें नऊ दिवस सह्या केल्या. दहाव्या दिवशीं वही व किल्ली आमच्या मेजावर ठेवून तो निघून गेला.

त्यानंतर सुमारें चार महिन्यांनीं, आषाढांतल्या एका संध्याकाळीं, आम्ही एकटेच दौंडास निघालों होतों. भगिनीची प्रकृति बिघडल्याचा निरोप होता. पारगांवचा भीमेवरचा पूल मागें पडला, आणि चौफुला थोडें दूर असतांना इंजिन एकाएकीं बंद पडलें. ना धक्का, ना धूर; दिवा मालवावा तसें. काटा पाहिला तों तळाशीं टेकलेला. सकाळीं पुतण्याला टाकी भरून आणावयास सांगितलें होतें. ‘पोरगा विसरला असेल,’ असें आमच्या मनांत आलें आणि तेवढ्यावर तो विचार संपला. त्याच्यासाठीं वही आणावी, असें आम्हांला क्षणभरही वाटलें नाहीं.

एका दुचाकीवाल्या गृहस्थाच्या कृपेनें चौफुल्याहून एक मिस्तरी आणि पांच लिटरचा डिझेलचा कॅन आला. कॅन टाकींत रिता करूं लागलों, तों दोन ओंजळी गेल्या असतील नसतील, डिझेल तोंडाशीं येऊन बाहेर सांडूं लागलें. टाकी कांठोकांठ भरलेली होती. पावसाच्या पाण्यावर डिझेलचा तवंग पसरत चालला, आणि तो पाहतां पाहतां आमच्या पोटांत खड्डा पडला.

मिस्तरी वयानें लहान, पण रीतीचा पक्का. त्यानें एकही वस्तु उगाच उघडली नाहीं. आधीं सेल्फ मारून पाहिला. तो जोरांत फिरला, म्हणजे बॅटरी निर्दोष. मग फिल्टरवरचा हवेचा स्क्रू सैल करून हातपंप मारला. बुडबुड्यावांचून स्वच्छ डिझेल आलें, म्हणजे हवा नाहीं. मग एका नोझलच्या नळीचा नट ढिला करून सेल्फ मारवला. थेंबही आला नाहीं. “डिझेल पंपापर्यंत येतंय, फुडं जात नाय,” तो म्हणाला. पंपाच्या माथ्यावर एक लहानशी विजेची डबी असते, तिला सोलेनॉइड म्हणतात. किल्ली फिरवली कीं तिला वीज मिळते आणि डिझेलची वाट उघडते. वीज तुटली कीं आंतील स्प्रिंग ती वाट बंद करते. मिस्तरीनें टेस्टिंगचा बल्ब तिच्या वायरीला लावला. तो लागला नाहीं. बॅटरीवरून सरळ एक वायर आणून टेंकवली, तों ‘टक्’ असा आवाज झाला आणि इंजिन सुरू झालें. पत्र्याच्या कडेला घांसून जुनी वायर आंतून तुटली होती.

“आणि काटा?” आम्हीं विचारलें. प्रश्न विचारतांना आमचा आवाज आम्हांलाच ओळखूं आला नाहीं.

त्यानें बॅटरीच्या मायनसवरून दुसरी एक वायर टाकीवरच्या तरंडीच्या पत्र्याला नेऊन लावली. काटा हळूहळू वर चढला आणि टाकी भरल्याच्या खुणेवर जाऊन स्थिर झाला. “अर्थिंगला कार्बन धरलाय, काका. काटा डिझेल मोजत नाय, करंट मोजतो. करंट कमी, तर काटा खाली.”

नव्या गाड्यांत पंपाची सत्ता संगणकाकडे गेली आहे. कॉमन रेल ही पद्धत १९९७ सालीं मोटारींत आली. तींत इंधनाचा दाब वातावरणाच्या हजारपटीहून अधिक असतो, आणि नोझल केव्हां व किती वेळ उघडावें हें संगणक ठरवितो. तेथें तर दोषाचा क्रमांकही यंत्रावर वाचतां येतो. पण एखाद्या सेन्सरची अर्थिंग कच्ची असेल, तर तो संगणकही खोटी साक्ष खरी मानून चुकीचा निवाडा देतो. क्रमांक कोणत्या वायरीवरून तक्रार आली तेवढें सांगतो. अपराधी कोण, तें मिस्तरीलाच बल्ब लावून शोधावें लागतें. आमच्या हातीं तर बल्बही नव्हता, वही होती.

भगिनीच्या प्रकृतीला उतार पडल्यावर, परततांना, आम्ही वाट वांकडी करून त्याच्या गांवीं गेलों. तो पाण्याचा टँकर धूत होता. उभ्या उभ्याच आम्हीं सगळें सांगितलें आणि क्षमा मागितली. त्यानें प्रथम विचारलें, “अर्थिंग टाकीपाशी गेली होती, का चासीला?” आम्हीं सांगितलें. त्यानें मान हलविली. मग थोड्या वेळानें म्हणाला, “मला वाटलंच होतं, काका. सांगितलंबी होतं. पण तुम्ही वही पुढं केल्यावर काय बोलायचं?”

चहा त्यानें पाजला. पुन्हां येण्याविषयीं आम्हीं विचारलें, तेव्हां तो टँकरकडे पाहून हंसला. उत्तर दिलें नाहीं, आणि आम्हींही पुन्हां विचारलें नाहीं. निघतांना त्यानें बॉनेट उघडून नवी वायर पाहिली, ती पुन्हां पत्र्याला घांसूं नये म्हणून तिच्यावर रबराच्या नळीचा एक तुकडा चढविला, आणि बॉनेट हलक्या हातानें मिटलें.

ती वही अजून आमच्या मेजाच्या खणांत आहे. नऊ दिवसांच्या अठरा सह्या. प्रत्येक स्वच्छ, ठसठशीत, आणि प्रत्येकीच्या वर एका खोट्या काट्याची साक्ष आमच्या हुकुमानें लिहिलेली.