उताराची ओळख

भारतभर घड्याळ एकच असले, तरी सूर्य एकच वेळ पाळत नाही. आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाची. अंदमानची बेटे त्याच्याही दहा अंश पूर्वेला. त्यामुळे तिथला सूर्य घड्याळाच्या चाळीस मिनिटे पुढे चालतो. एप्रिलमध्ये पहाटे पाच वाजले की फटफटते आणि संध्याकाळी साडेपाचला दिवस मावळतो. साताऱ्याहून गेलेल्या माणसाला पहिले काही दिवस आपली झोप कोणीतरी काढून नेली असे वाटत राहते. बेटावर राहायचे तर आधी बेटाची वेळ मानावी लागते. तिथला तो पहिला धडा.

एप्रिल 2023 मध्ये आम्ही चौघे तीन आठवड्यांसाठी तिथे राहिलो. माझा भाऊ नोकरीनिमित्त पोर्ट ब्लेअरला होता. सप्टेंबर 2024 मध्ये त्या शहराचे नाव श्री विजयपुरम झाले. आम्ही राहिलो ते मात्र पोर्ट ब्लेअरच. आमचे जाणे निव्वळ सहलीसाठी नव्हते. माझी सतरा वर्षांची मुलगी सायकलच्या शर्यतींत उतरते. आदल्या वर्षी एका शर्यतीत, घाटाच्या उतारावर ती पडली आणि खांद्याचे हाड मोडले. हाड यथावकाश सांधले. चढावर तिचे पाय पूर्वीसारखे चालू लागले. पण उतार समोर आला की तिची बोटे आपोआप ब्रेकवर आवळली जात आणि खाली पोचेपर्यंत चेहऱ्यावरचा रंग उडालेला असे. प्रशिक्षकांनी एकवीस दिवसांचा सराव कागदावर आखून दिला. तिने तो कागद घडी करून ठेवला आणि म्हणाली, “आई, एवढे एकवीस दिवस करते. सायकल पुढे चालवायची की नाही ते मग मी ठरवीन. तू काही बोलायचे नाहीस.” मी शब्द दिला. शब्द देणे सोपे होते. रोज पहाटे तो पाळणे तितके सोपे नव्हते.

बेटे तिनेच निवडली होती. मामाचे घर हे एक कारण. दुसरे कारण सायकलच. भारतीय सायकलिंगमध्ये या चिमुकल्या प्रदेशाचे नाव मोठे आहे. 2004 च्या त्सुनामीत झाडाला धरून वाचलेली डेबोरा हेरॉल्ड पुढे देशातील अग्रगण्य सायकलपटू झाली. निकोबारच्या एसो आल्बेनने 2018 मध्ये स्वित्झर्लंडमधील कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत रौप्यपदक मिळवले. माझ्या मुलीच्या टेबलासमोर त्या दोघांची कात्रणे होती. अपघातानंतर तिने बाकीची सारी कात्रणे काढली. ही दोन राहिली.

भावाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर दोन वेळापत्रके लागली. एक मुलीचे : पाच वाजता बाहेर पडणे, अंतर, वेग, नाडीचे ठोके, विश्रांती. दुसरे अकरा वर्षांच्या धाकट्याचे : भरती-ओहोटीचे. मामाने त्याला कोष्टक आणून दिले होते. पहिले वेळापत्रक जागचे हलत नसे. दुसरे रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरके. धाकट्याला ओहोटीच्या वेळी खडकांवर जायचे असे, आणि ओहोटी कोणाच्या न्याहारीसाठी थांबत नाही. एका घरात दोन वेळा नांदू लागल्या. यजमान भावाची स्कूटर घेऊन, पाण्याच्या बाटल्या लटकावून मुलीच्या मागे जात. मी धाकट्याबरोबर किनाऱ्यावर.

मुलीचे रस्ते दोन. एक चिडियाटापूचा, सुमारे पंचवीस किलोमीटरांचा. समुद्राच्या कडेने चढत-उतरत बेटाच्या दक्षिण टोकाला जाणारा. दुसरा वंडूरचा, सिप्पीघाटवरून जाणारा. 26 डिसेंबर 2004 च्या भूकंपात दक्षिण अंदमानची जमीन सुमारे एक मीटर खचली. सिप्पीघाटची भातशेते समुद्राच्या पाण्याखाली गेली ती तशीच राहिली. जिथे लावणी होई तिथे आता बगळे उभे असतात. एका पहाटे मुलगी तिथे सायकल टेकवून बराच वेळ उभी राहिली, असे यजमानांनी सांगितले. कागदावर त्या दिवशी थांबण्याला जागा नव्हती. तिने वेळेच्या रकान्यात खरा आकडा लिहिला आणि पुढे काही लिहिले नाही.

दुसऱ्या आठवड्यात आम्ही सेल्युलर जेल पाहिला. मराठी घरातून गेलेल्या माणसाला तिथे परका म्हणून हिंडता येत नाही. ‘माझी जन्मठेप’ वाचलेली असते किंवा निदान ऐकलेली असते. 1896 ते 1906 या काळात बांधलेल्या त्या तुरुंगाच्या सात पाख्यांपैकी तीन उरल्या आहेत. कोलूपाशी मुले थांबली. बैलाच्या जागी माणूस जुंपायचा आणि दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घ्यायचे, हे मार्गदर्शकाने सांगितले. बाहेर आल्यावर मुलगी म्हणाली, “आई, त्यांनासुद्धा रोजचा आकडा असायचा.” मला तिच्या बोलण्याचा रोख कळला. मी शब्द दिलेला होता, म्हणून गप्प राहिले. यजमान मात्र म्हणाले, “असायचा. पण तो आकडा नको म्हणण्याची मुभा त्यांना नव्हती.” ती काही बोलली नाही. देह तोच, घाम तोच, नारळाच्या झावळ्यांतून येणारा दमट वाराही तोच. एकाला चाबकाने चालवलेले, दुसऱ्याने आपण होऊन चालवायचे. यांतले अंतर केवढे, हे त्या उंच भिंतींखाली जसे समजते तसे मैदानावर समजत नाही. ज्याला थांबता येते त्याच्याच कष्टाला साधना म्हणावे, असे मला तेव्हा वाटले.

दुसऱ्या दिवशी कागदावर विश्रांती होती. धाकट्याने बहिणीला बर्मानाल्याच्या खडकांवर नेले. तिथे तो वडीलधारा झाला. “ताई, आधी बघ, मग पाय टाक. हिरवे दिसते ते निसरडे असते. समुद्राकडे पाठ करायची नाही.” शंख, प्रवाळ काही उचलायचे नाही, असा तिथला नियम, म्हणून तो वहीत चित्रे काढी. एकेका डबक्यापाशी बसून शंखाचे घर पाठीवर घेतलेला खेकडा, लपून बसलेला काकडीसारखा प्राणी, तिवरांच्या चिखलात उड्या मारणारे निवटे असे सारे तो तिला दाखवी. ती त्याच्या पावलांवर पाऊल टाकीत दोन तास चालली. मी दुरून पाहत होते. उतारावर जे बोटांना जमत नव्हते ते तिच्या पावलांना त्या निसरड्या खडकांवर जमत होते. भीती गेली नव्हती; पण डोळे कामाला लागले की भीतीला एका कडेला बसावे लागते.

परतताना तिने स्वतःहून मामाला माउंट हॅरिएटविषयी विचारले. चारशे मीटरांच्या आतलाच तो डोंगर. 2021 मध्ये त्याचे नाव माउंट मणिपूर झाले. 1891 च्या युद्धानंतर मणिपूरचे महाराज कुलचंद्र आणि त्यांचे सोबती तिथे बंदिवासात होते, त्यांच्या स्मरणार्थ. त्याच डोंगरावरून सूर्यास्त पाहून 8 फेब्रुवारी 1872 रोजी व्हाइसरॉय लॉर्ड मेयो उतरला आणि पायथ्याशी होपटाउनच्या धक्क्यावर शेर अली या कैद्याने त्याला ठार केले. मामाने हे सांगितल्यावर धाकटा म्हणाला, “म्हणजे सगळा घोटाळा उतरतानाच होतो.” आम्ही सारे हसलो. मुलगीही हसली, पडल्यानंतर प्रथमच त्या शब्दावर.

चॅथमहून फेरीबोटीने बांबूफ्लॅटला गेलो. वनखात्याच्या नाक्यापुढे रस्ता रानात शिरतो. गुरजनचे उंच सरळ बुंधे, पडौकची झाडे, आणि वळणावळणाला खाली निळे पाणी. तिने त्या दिवशी सायकल आणलीच नव्हती. गाडीने वर जाऊन आम्ही सगळे पायी उतरलो. उतार आधी पायाखालून घालायचा, असे तिने ठरवले होते. कुठे दाट सावलीमुळे डांबर ओले राहते, कुठे मोरीपाशी खडी पसरते, कुठे पाचोळा जमतो, हे ती पाहत होती. मध्येच वाकून हाताने रस्ता चाचपत होती. धाकटा वळणांना नावे देत होता : सावलीचे, मोरीचे, दोन गुरजनांचे, समुद्र दिसतो ते. नावे तिने वहीत उतरून घेतली. आदल्या रात्री वळिवाची सर येऊन गेली होती. भावाच्या पोटरीला दोन जळवा चिकटल्या. त्यांचे कोणाला फारसे वाटले नाही.

विसाव्या दिवशी ती सायकल घेऊन वर गेली. यजमान स्कूटरवर मागे होते. मी आणि धाकटा खालच्या वळणाशी उभे. रानात पाखरांचा आवाज होता, दुसरा नव्हता. वाट पाहताना मी मनातल्या मनात वळणे मोजत होते आणि मोजणी पुन्हा पुन्हा चुकत होती. ती आली तेव्हा वेग फारसा नव्हता. दोन ठिकाणी उतरून उभी राहिले, असे तिने सांगितले. मोरीच्या वळणावर आणि सावलीच्या. सावलीच्या वळणावर पुन्हा थोडी वर गेली आणि पुन्हा उतरली. ओठ कोरडे होते, पण चेहऱ्यावर रंग होता. घड्याळ तिने दप्तरात ठेवले होते.

सराव शरीराला सवय लावतो. तीच हालचाल हजार वेळा केली की स्नायू ती विसरत नाहीत. पण धैर्य हे सवयीतून येत नाही, असे त्या तीन आठवड्यांनी मला शिकवले. ते ओळखीतून येते. अंधाऱ्या खोलीत मूल घाबरते, दिवा लावून खोली दाखवली की तिथेच झोपते. प्रशिक्षकांचा कागद तिला चढ चढायला पुरेसा होता. उतरायला रस्त्याची ओळख लागली, आणि ती ओळख करून देणारा गुरू अकरा वर्षांचा होता, ज्याचे सारे शास्त्र ‘आधी बघ, मग पाय टाक’ एवढ्या वाक्यात मावत होते. म्हणून खेळाडूच्या घरात एखादा उगाच हिंडणारा, डबक्यापाशी बसणारा माणूस असावा. ज्याला कुठेही वेळेत पोचायचे नसते, त्याला वाट अधिक दिसते.

परतल्यावर प्रशिक्षकांनी एक सोपा मार्ग सुचवला : रस्त्यावरच्या शर्यती सोडून धावपट्टीवरच्या सायकलिंगकडे वळावे, तिथे घाट नसतात. बेटांवरच्या त्या दोघांनी नाव कमावले तेही धावपट्टीवरच. तिने दोन दिवस विचार केला आणि रस्ताच ठेवला. मला तिने कारण सांगितले नाही. मीही विचारले नाही. पावसाळा संपल्यावर तिने आमच्याकडच्या यवतेश्वरच्या घाटाचे नाव सरावाच्या वहीत लिहिले. आधी एका रविवारी तो पायी उतरायचा होता. धाकट्याने आदल्या रात्रीच वही आणि पेन्सिल काढून ठेवली.