घाटाखालचा जुगार

आम्ही बेळगावकर तीन कायद्यांच्या सांध्यावर राहतो. महाराष्ट्राने १९६९ साली सरकारी लॉटरी सुरू केली. कर्नाटकाने २००७ साली लॉटरीवर बंदी घातली. आणि घाट उतरून पणजीस जावे, तर मांडवीच्या पात्रात कॅसिनोच्या बोटी उभ्या! राज्यघटनेने जुगार हा विषय राज्यांकडे सोपविला आहे. म्हणून येथे जो गुन्हा, तीच तेथे करमणूक. मात्र २०२० पासून गोवा सरकारने खुद्द गोमंतकीयांना कॅसिनोत मज्जाव केला. आपली मुले सांभाळली. दार उघडे राहिले ते आमच्या मुलांसाठी. आमच्या गल्लीतील एक घर त्यापायी गहाण पडले. तेव्हा मुलगा शनिवारी कोठे निघाला, हे विचारण्याचा संकोच आपण आता सोडावा, असे आम्हांस वाटते.